सावली आखूड झाली की लेकरं आत

वाचकांचे प्रश्न, त्वचारोगतज्ज्ञांची उत्तरं

*होळी झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. खाज, नायटा, केस गळणं मागे पडतं आणि मुलांचं ऊन पुढे येतं. मी सांगलीत त्वचेचा दवाखाना चालवते, माहेर माण तालुक्यातलं. त्यामुळे तासगावच्या द्राक्षबागेतली पोरं आणि दहिवडीच्या माळावरची पोरं, दोघांचंही ऊन मला ठाऊक आहे. या महिन्यात आलेल्या पत्रांतली काही निवडली आहेत. नावं दिलेली नाहीत.*

---

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. सुट्टीत दिवसभर विहिरीवर पोहते, नाहीतर बागेत हुंदडते. मागच्या मे महिन्यात ती इतकी काळवंडली की सासूबाई म्हणाल्या, "हिला घरात बसवा, पुढं अवघड जाईल." गालावर पांढरे डागही आलेत. शेजारच्या वहिनींनी एक क्रीम दिलं. आठ दिवसांत उजळ दिसायला लागली, पण क्रीम बंद केलं की चेहरा लाल होतो. पोहणं बंद करू का? कोणतं क्रीम लावू?
*— एक आई, तासगाव तालुका*

ताई, सगळ्यात आधी वहिनींनी दिलेलं ते क्रीम. आठ दिवसांत उजळपणा आणि बंद केल्यावर लाली, हे वाचून मला जवळजवळ खात्री आहे की त्यात स्टिरॉइड आहे. ट्यूबवर बारीक अक्षरांत बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल असं काही लिहिलंय का ते बघा. अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र सरकारने 2018 साली केला, तरी ती अजून गावोगाव हातोहात फिरतात. लहान मुलीच्या गालाची कातडी नाजूक असते. महिनोन्‌महिने हे लावलं तर ती पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, बारीक लव वाढते आणि ऊन पूर्वीपेक्षा जास्त चटका देतं. किती दिवस लावलं ते पत्रात नाही, म्हणून तुमच्या मनाने एकदम बंदही करू नका. ट्यूब घेऊन जवळच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. ते हळूहळू सोडवतील.

आता पांढरे डाग. गालावर पुसट, कडा अस्पष्ट आणि वर हात फिरवला की किंचित खरखरीत लागत असतील, तर हा कोरड्या त्वचेचा साधा प्रकार आहे. शाळकरी वयात तो फार दिसतो. जंतांमुळे होत नाही, कॅल्शियम कमी पडल्यामुळे नाही, आणि हे कोडही नाही. कोडाचा डाग खडूसारखा पांढराफटक असतो आणि त्याची कड स्पष्ट असते. उन्हाळ्यात आजूबाजूची कातडी रापते आणि डाग आहे तसाच राहतो, म्हणून तो उठून दिसतो. सकाळ-संध्याकाळ साधी व्हॅसलीन किंवा बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, तोंड धुवायला अंगाचा उग्र साबण नको. काही महिन्यांत डाग आपोआप विरतात.

पोहणं बंद करू नका. पोहायला शिकलेली मुलगी ही घरची ठेव आहे. फक्त वेळ बदला. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे सकाळी साडेनऊच्या सुमाराला माणसाची सावली त्याच्या उंचीएवढी होते. त्यानंतर ती आखूड होत जाते आणि दुपारी साडेतीनपर्यंत आखूडच राहते. सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हा अतिनील किरण, म्हणजे उन्हातले डोळ्यांना न दिसणारे पण कातडी भाजणारे किरण, जोरात असतात. घड्याळ लागत नाही, मोबाईल लागत नाही, आठ वर्षांच्या पोरीला हे एकदा दाखवलं की ती स्वतःच अंगणात उभी राहून बघते. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात तर सांगली-साताऱ्याकडे सूर्य एका दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली दिसेनाशी होते. त्या दिवसांत साडेबारा वाजता विहिरीच्या तळापर्यंत ऊन पोचतं. तेच सकाळी साडेआठला जा, विहिरीच्या भिंतीची सावली पाण्यावर पसरलेली असते. डबा बांधून पोहणारी पोरं त्या सावलीच्या बाजूला ठेवा.

पाण्यात असताना गार वाटतं म्हणून पोरं तासन्‌तास निघत नाहीत. पण पाणी अतिनील किरण अडवत नाही. अर्धा मीटर खोलीवरही वरच्यापैकी साधारण 40 टक्के किरण पोचतात. ओला पांढरा बनियन घातला म्हणजे अंग झाकलं असंही होत नाही. सुती कापड भिजलं की त्यातून किरण जास्त आत येतात. गडद रंगाचा, दाट विणीचा, पूर्ण बाह्यांचा, लवकर वाळणारा टी-शर्ट पोहताना घालू द्या.

सनस्क्रीन या सगळ्यानंतर येतं. सावली आणि कपडा जिथे पोचत नाही तिथलं काम त्याचं: चेहरा, कान, मानेचा मागचा भाग, पायांच्या पंजांची वरची बाजू. आया कान आणि पंजे हमखास विसरतात. ट्यूबवर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' आणि एसपीएफ (ऊन अडवण्याचा आकडा) 30 किंवा जास्त एवढं बघा. लहान मुलांसाठी झिंक ऑक्साइडचं बरं, ते चरचरत नाही. एसपीएफ 30 कातडी भाजणाऱ्या 'अतिनील बी' किरणांपैकी सुमारे 97 टक्के अडवतं आणि 50 सुमारे 98, म्हणून 50 साठी जास्त पैसे मोजायची घाई नको. खरी गडबड मापात होते. वाटाण्याएवढं क्रीम अख्ख्या चेहऱ्याला फासलं तर ट्यूबवरचा आकडा फक्त ट्यूबवरच राहतो. मुलीच्या स्वतःच्या तर्जनीवर आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ काढा, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. बाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा. दर दोन तासांनी पुन्हा, आणि पाण्यातून निघून अंग पुसल्यावर लगेच पुन्हा.

उरला रंग. आपल्या मुलांच्या कातडीतला गडद रंग हेच उन्हापासूनचं त्यांचं पहिलं संरक्षण आहे. उन्हात गेल्यावर कातडी रापते, कारण तिला इजा होतेय आणि ती स्वतःला वाचवतेय. ते रापणं काही आठवडे-महिन्यांत उतरतं. सासूबाईंना सांगा की डॉक्टरीण बाई मुलीला उन्हाच्या चटक्यापासून जपायला सांगतात, तिच्या रंगाला औषध देत नाहीत. आणि हे मुलीच्या कानावर पडेल असं सांगा. आठव्या वर्षी ऐकलेलं "पुढं अवघड जाईल" पोरी विसरत नाहीत. पंचविशीत माझ्याकडे येऊन बसतात तेव्हा ते मी त्यांच्या तोंडून ऐकते.

अजून एक. सावळ्या मुलांना ऊन भाजत नाही असा समज आहे. भाजतं, फक्त गोऱ्या मुलासारखी लाली डोळ्यांना दिसत नाही. संध्याकाळी खांद्याला हात लावला की चटका जाणवतो, पोर झग्याचा बंद सहन करत नाही, चार दिवसांनी साल निघतं. तेव्हा गार पाण्याची घडी ठेवा, कोरफडीचा स्वच्छ गर चालतो, पाणी भरपूर पाजा. टूथपेस्ट, हळद, तूप यातलं काही लावू नका. फोड आले, ताप आला किंवा पोर मलूल पडलं तर दवाखाना.

---

आमची बेदाण्याची शेड आहे. हिरव्या शेडनेटखाली मुलं दुपारी खेळतात. तिथं ऊन लागत नाही ना?
*— द्राक्ष बागायतदार, कवठेमहांकाळ*

कमी लागतं, लागत नाही असं नाही. 50 टक्क्यांची नेट म्हणजे ढोबळमानाने अर्धा उजेड खाली येतोच. बाजू उघड्या असल्या तर कडेनंही येतो. दाट चिंच, आंबा किंवा कौलारू पडवी केव्हाही सरस. मला उन्हापेक्षा दुसरी काळजी वाटते. बेदाणा पिवळा राहावा म्हणून गंधकाची धुरी देता, त्या वेळी आणि त्यानंतरही बराच वेळ मुलं शेडच्या आसपास नकोत. त्या धुराने डोळे आणि श्वासनळी चुरचुरते, दम्याच्या मुलाला तर झटका येऊ शकतो.

---

उन्हाळ्यात आम्ही महाबळेश्वरला जातो. तिथं गार असतं, मग तिथंही टोपी-क्रीम लागतं का?
*— सांगली*

लागतं, आणि सांगलीपेक्षा थोडं जास्तच. उष्णता वेगळी आणि अतिनील किरण वेगळे. हवा गार असली तरी किरण तेच असतात, आणि उंची दर 1000 मीटरने वाढली की ते 10 ते 12 टक्क्यांनी वाढतात. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, आपण साडेपाचशेच्या. गार वाटतं म्हणून मुलं दुपारभर पॉइंटवर फिरतात आणि रात्री नाक सोलपटतं. ढग आले म्हणूनही टोपी काढू नका. पातळ ढगांतून 80 टक्क्यांपर्यंत किरण खाली येऊ शकतात.

---

नातू तीन महिन्यांचा आहे. मी त्याला खोबरेल तेलाने चोळते आणि सकाळी कोवळ्या उन्हात धरते. सून म्हणते ऊन वाईट, क्रीम लावूया. आमची सगळी लेकरं अशीच वाढली. कोण बरोबर?
*— आजी, सातारा*

आजी, चोळणं चालू ठेवा. तेल जोरजोरात रगडायचं नाही आणि नाका-कानात घालायचं नाही, एवढंच सांभाळा. तुमच्या हाताची ऊब त्या बाळाला लागते, ते मी कशाला तोडू?

कोवळं ऊनही बाळाला त्रास देत नाही. पण आपण ज्यासाठी ते देतो, ते 'ड' जीवनसत्त्व त्यातून फारसं मिळत नाही. ते तयार करणारे किरण सूर्य वर चढल्यावरच पुरेसे येतात, आणि त्या उन्हात तीन महिन्यांच्या बाळाला उघडं धरणं बरं नाही. बंद खिडकीच्या काचेतून येणारं ऊन तर या कामाला बिलकुल उपयोगाचं नाही, काच नेमके तेच किरण अडवते. म्हणून बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर रोज 400 युनिट 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब द्यायला सांगतात. बाटलीनुसार थेंबांचं माप वेगळं असतं, ते तुमच्या डॉक्टरांकडून विचारून घ्या. आईचं दूध कितीही चांगलं असलं तरी हे एक जीवनसत्त्व त्यात कमीच असतं. यात आईचा दोष नाही.

सूनबाई उन्हाबद्दल बरोबर, क्रीमबद्दल थोड्या घाईत आहेत. सहा महिन्यांच्या आत सनस्क्रीन शक्यतो नको. त्या वयाची कातडी पातळ असते. झबलं, टोपडं, सुती दुपट्याचा आडोसा, छत्री, एवढ्यावर भागतं. दुपट्टा बाळाच्या तोंडावर गुंडाळू नका, वरून छतासारखा धरा, हवा खेळली पाहिजे. सहा महिन्यांनंतर झिंकचं क्रीम उघड्या भागाला चालेल.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. नवजात बाळाला कावीळ दिसली तर "उन्हात धरा, उतरेल" यावर थांबू नका. जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा आला, तो तळहात-तळपायांपर्यंत पोचला, किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना. तिथं निळ्या उजेडाखाली ठेवतात, त्या उजेडाला माप असतं. उन्हाला नसतं. उशीर झाला तर कावीळ मेंदूपर्यंत जाते आणि मग ते नुकसान भरून येत नाही.

---

मी नववीत आहे, खो-खो खेळते. हात आणि चेहऱ्याचा रंग दोन प्रकारचा झालाय. मैत्रिणी लिंबू चोळायला सांगतात. मी एकदा लावलं तर मनगटावर काळा ओघळ उठला. जाईल का? खेळ सोडावा लागेल का?
*— कराड*

जाईल. काही आठवडे किंवा काही महिने लागतील, पण जाईल. लिंबाच्या रसात, विशेषतः सालीत, असं द्रव्य असतं की ते कातडीवर असताना ऊन लागलं तर कातडी भाजते आणि मग काळी पडते. रस जसा ओघळला तसाच डाग उठतो, म्हणून तुझ्या मनगटावर ओघळ आहे. काही मुलींना फोडही येतात. आता त्यावर आणखी काही घासू नकोस. बेसन, दगड, स्क्रब, काही नको. व्हॅसलीन लाव आणि डागावर बाही ओढ.

खेळ अजिबात सोडू नकोस. सरांना सांगून सराव सकाळी आठच्या आत किंवा दुपारी साडेचारनंतर होतो का बघ. सगळ्या संघानं मिळून सांगितलं तर सर ऐकतील. ट्रॅकपँट आणि पूर्ण बाह्या घाल. माती, गुडघे, ऊन, तिन्हीला उपयोगी. क्रीम घामात टिकणारं घे. ते ओघळून डोळ्यांत झोंबत असेल तर भुवयांच्या वर लावू नकोस, तिथे टोपी किंवा कपाळपट्टी घाल. स्पर्धा भर दुपारी असेल तर आपली खेळायची पाळी नसताना मांडवात बस, रेषेवर उभं राहून ऊन खाऊ नकोस.

मुरमांसाठी डॉक्सीसायक्लीनची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना तू मैदानावर खेळतेस हे सांग. त्या गोळीवर ऊन जास्त भाजतं.

---

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. तिसरीच्या वर्गात एक मुलगा आहे, त्याचे केस आणि भुवया पांढऱ्या, अंग गोरंपान, डोळे सारखे हलतात. उन्हात डोळे उघडत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या मानेवर आणि हातांवर फोड आले. मुलं त्याला 'इंग्रज' म्हणतात. अभ्यासात मागे आहे. आईवडील म्हणतात, देवाची करणी. मी काय करू शकतो?
*— गुरुजी, जत तालुका*

गुरुजी, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. या सदरातल्या बाकी सगळ्या मुलांना ऊन त्रास देतं, या मुलाचं ते आयुष्य कमी करू शकतं. आणि जतच्या माळावर, जिथे सावली म्हणजे लांबवर एखादी बाभळ, तिथे तो रोज चालत येतो.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हा आल्बिनिझम दिसतो. कातडी, केस आणि डोळ्यांत रंग बनवण्याची सोय जन्मतःच नसते. हे कोड नाही, कुष्ठरोग नाही, संसर्गजन्य नाही, आईनं गरोदरपणात काही खाल्ल्यामुळेही झालेलं नाही. आई आणि बाप दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं की मूल असं जन्मतं. आईबाप स्वतः अगदी नेहमीसारखे दिसतात. नात्यात लग्न झालेलं असेल तर ही शक्यता वाढते, आणि आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत अजून आहे. आईवडिलांना हे दोष देण्याच्या सुरात सांगू नका. पुढच्या मुलाचा विचार असेल तर सल्ला घ्यावा म्हणून सांगा.

तो अभ्यासात मागे आहे, ते बहुधा डोळ्यांमुळे. अशा मुलांची बुद्धी चारचौघांसारखीच असते, नजर मात्र अधू असते. तुम्हाला फळ्यावरची जी ओळ स्पष्ट दिसते, ती त्याला धूसर ढग दिसते. त्याला पहिल्या रांगेत बसवा, पण खिडकीकडे पाठ करून. फळ्यावर ऊन पडून चकाकत असेल तर पडदा नाहीतर जुनी चादर लावा. अक्षर मोठं काढा, लिहिताना मोठ्यानं वाचा. तो पुस्तक नाकाला लावून वाचत असेल तर हटकू नका, त्याला तसंच दिसतं. मान एका बाजूला वाकडी करून बघत असेल तर सरळ करू नका. त्या कोनात त्याचे डोळे कमी हलतात, ते त्याने स्वतः शोधून काढलंय.

आता ऊन. परिपाठाला तो व्हरांड्यात उभा राहील, त्याच्यासोबत दोघे-तिघे आळीपाळीने उभे करा म्हणजे वेगळा पाडल्यासारखं वाटणार नाही. कवायतीच्या तासाला आत कॅरम, बुद्धिबळ, किंवा सकाळी पहिल्याच तासाला मैदान. आणि ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ते: उन्हाळ्यात आपण शाळा सकाळची करतो, मुलांना ऊन लागू नये म्हणून. पण ती सुटते अकरा-साडेअकराला, आणि घरी जाणारी वाट नेमकी सगळ्यात वाईट उन्हात पडते. इतर मुलं धावत निघून जातात. हा मुलगा डोळे मिटून, चाचपडत चालतो आणि जास्त वेळ उन्हात राहतो. त्या वाटेचा बंदोबस्त आधी करा. काळी छत्री, कुणाच्या तरी गाडीवर मागची जागा, किंवा ऊन उतरेपर्यंत शाळेतच थांबायची परवानगी.

गणवेशाबाबत त्याला सूट द्या. गडद रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, फुल पँट, बूट आणि मोजे. गांधी टोपीनं किंवा क्रिकेटच्या कॅपनं त्याचं भागणार नाही, त्यात कान आणि मान उघडी राहते. चारी बाजूंनी तीन इंचांची कड असलेली टोपी हवी. ती नसेल तर डोक्याला उपरणं गुंडाळून त्याचा शेव मानेवर सोडा, आपल्या मेंढपाळांना कुणी शिकवावं लागलं नाही. उघड्या भागाला सनस्क्रीन रोज, पावसाळ्यात आणि थंडीतही. मधल्या सुट्टीत दुसऱ्यांदा लावायला एक ट्यूब शाळेच्या कपाटात ठेवा. रंगीत काचांचा चष्मा डॉक्टरांच्या तपासणीनंतर. रस्त्यावरचा साधा काळा गॉगल नको.

मानेवर, कानावर, ओठावर, हातावर एखादी जखम किंवा खपली महिनाभरात बरी झाली नाही, तर लगेच दाखवायचं. अशा मुलांना जपलं नाही तर कातडीचा कर्करोग तरुणपणीच होऊ शकतो. जपलं तर ती आपल्यासारखीच म्हातारी होतात. हे आईवडिलांना सांगताना दोन्ही वाक्यं सांगा.

'इंग्रज' बंद करायचं तुमच्या हातात आहे. वर्गाला एकदा नीट सांगा की याच्या अंगात रंगाचं द्रव्य बनत नाही, तुमच्या अंगात बनतं. नऊ वर्षांच्या मुलांना कारण कळलं की ती पुष्कळदा आपणहून त्याच्या डोक्यावर छत्री धरतात.

यासारखाच घातक, पण दिसायला वेगळा असा आणखी एक आजार शिक्षकांनी आणि अंगणवाडी ताईंनी ओळखायला हवा. मूल दीड-दोन वर्षांचं व्हायच्या आतच चेहऱ्यावर खूप बारीक काळे-तपकिरी ठिपके, थोड्याशा उन्हानेही दिवसच्या दिवस न उतरणारी भाजल्यासारखी लाली, डोळ्यांतून पाणी आणि उजेडाची भीती. याला झिरोडर्मा पिग्मेंटोझम म्हणतात. किरणांनी बिघडलेला पेशींचा आराखडा शरीराला दुरुस्त करता येत नाही, म्हणून दिवसाचं ऊन जवळजवळ पूर्ण टाळावं लागतं. हाही नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतो. लोक त्याला वांग म्हणून सोडून देतात. असं मूल दिसलं तर थांबू नका.

तुमच्या विद्यार्थ्याचं आणखी एक काम आहे. चष्मा लावूनही नजर अधू राहिली, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टी धरलेली आहे. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तपासणी होऊन प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) मिळू शकतं, त्यावर परीक्षेत जास्त वेळ आणि मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका मागता येते. आईवडिलांना कागदांची भीती वाटत असेल तर तुम्ही सोबत जा. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, माझ्याकडे किंवा दुसऱ्या त्वचेच्या डॉक्टरांकडे नंतर आणलं तरी चालेल. फक्त मे महिना वाया घालवू नका. जूनमध्ये तो चौथीच्या वर्गात बसेल तेव्हा नाकावर चष्मा आणि दप्तरात टोपी असायला हवी.